नर्सिंगच्या पदवीचा अर्ज : पेरणीआधीची मशागत



मृगाच्या तोंडावर आपल्या धर्मग्रामात दरवर्षी दोन गोष्टी एकाच वेळी येतात. उधना, पांडेसरा, लिंबायत या भागांत राहणारी आपली कुटुंबे ताप्ती लाइनची गाडी धरून नवापूर-नंदुरबारकडे पेरणीला जातात. ओलपाड, कामरेज, बारडोलीकडची आपली माणसे भाताची रोपे टाकण्याच्या घाईत असतात. आणि नेमक्या त्याच सुमारास बारावीचा निकाल हातात घेऊन मुलेमुली माझ्या दाराशी येतात. "फादर, नर्सिंगला अर्ज करायचा आहे. काय करू?"

या प्रश्नाचे उत्तर देता देता मला एक गोष्ट कळून चुकली आहे. जूनमध्ये विचारलेल्या या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा जूनमध्ये देता येत नाही. उन्हाळ्यात नांगरट केली नाही, बियाणे आणून ठेवले नाही, तर पहिला पाऊस पडल्यावर नुसते बांधावर उभे राहून काय होणार? म्हणून आजचा लेख बारावी झालेल्यांपेक्षा ज्यांची मुले नववी-दहावीत आहेत अशा आईवडिलांसाठी आहे. त्यांनी तो वाचून घरात जपून ठेवावा.

नर्सचे मोल सुरतकरांना सांगायला नको. सप्टेंबर १९९४ मध्ये फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली, तेव्हा लाखो माणसे शहर सोडून निघून गेली, कित्येक खाजगी दवाखान्यांना कुलपे लागली. त्या दिवसांत नव्या सिव्हिल हॉस्पिटलच्या वॉर्डात रुग्णांच्या उशाशी नर्सेस होत्या. गावाकडे पाहिले तर उपकेंद्रातली नर्स हीच आपल्या आयाबहिणींची पहिली डॉक्टर असते. असे काम आपल्या मुलांनी शिकावे यापरते चांगले ते काय? पण शिकायचे तर नीट, मान्यताप्राप्त ठिकाणी, आणि घरची जमीन न गमावता.

तीन वाटा, तीन दाखले

प्रथम शब्दांचा घोळ मिटवू. आपल्याकडे सगळ्यालाच "नर्सिंगचा कोर्स" म्हणतात. पण मान्यतेच्या वाटा वेगवेगळ्या आहेत.

पहिली ए.एन.एम., दोन वर्षांची. गावपातळीवरची आरोग्यसेविका या वाटेने तयार होते.

दुसरी जी.एन.एम., तीन वर्षांची. ही पदविका आहे, पदवी नव्हे. बारावी कोणत्याही शाखेची चालते, सायन्स असल्यास अधिक बरे. इंग्रजीत पास असणे मात्र आवश्यक.

तिसरी बी.एस्सी. नर्सिंग, चार वर्षांची. ही विद्यापीठाची पदवी. २०२१ सालच्या नव्या नियमांपासून तिचा अभ्यास आठ सत्रांत विभागला आहे. इथे बारावी सायन्सच लागते. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र या तीन विषयांत मिळून किमान ४५ टक्के गुण हवेत, आणि इंग्रजीत स्वतंत्रपणे पास हवे. अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्क्यांची सवलत आहे. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण झालेली असावीत. मुलगेही अर्ज करू शकतात, हे आपल्यातल्या अनेकांना ठाऊक नसते.

या तिन्ही वाटा पुऱ्या केल्यावर राज्याच्या नर्सिंग कौन्सिलमध्ये नाव नोंदवले जाते, आणि त्या नोंदणीवरच नोकरी मिळते. याउलट सहा महिने-वर्षभराचे "नर्सिंग असिस्टंट" वगैरे कोर्स गल्लोगल्ली निघालेले आहेत. त्यांच्या प्रमाणपत्रावर कौन्सिलची नोंदणी होत नाही. खाजगी दवाखान्यात कमी पगारावर काम मिळते, पण त्याच्या पुढे वाट नाही.

नर्सिंगची पदवी ही काही काल-परवाची गोष्ट नव्हे. आपल्या देशात १९४६ साली दिल्ली आणि वेल्लोर येथे ती सुरू झाली. मुंबईत एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी नर्सिंग कॉलेज १९६४ पासून आहे. आपल्या सुरतेत नव्या सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारात शासकीय नर्सिंग कॉलेज आहे. पदवी देणारे वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठ १९६५ साली स्थापन झाले. म्हणजे विद्यापीठ आपल्या दारात आहे. आत जाण्याच्या वाटेवर मात्र खाचखळगे आहेत.

एका मुलीची हकीकत

काही वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही. तीत दोष कुणाचा असेल तर थोडा माझाही आहे.

आपल्या धर्मग्रामातले एक कुटुंब. वडील पांडेसऱ्यातल्या डाइंग मिलमध्ये कामाला, गावी नवापूर तालुक्यात तीन एकर कोरडवाहू. थोरली मुलगी सुरतेतच दहावी, बारावी सायन्स झाली. गुण पदवीला पात्र होण्याइतके, पण फार वर नव्हेत. वडील म्हणाले, "आपण आदिवासी, आपली जागा राखीव आहे, मुलगी लागणारच." मीही तेच म्हणालो. नवापूरच्या कचेरीतून काढलेला जमातीचा दाखला फाइलला जोडला. अर्ज कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे भरला. मोबाइल नंबर कुणाचा टाकला, हे कोणी विचारले नाही.

कागद तपासायला मुलगी एकटीच गेली. तिथे सांगण्यात आले की हा दाखला महाराष्ट्राचा आहे, गुजरातेतल्या राखीव जागेसाठी चालणार नाही, अर्ज खुल्या वर्गात धरला जाईल. खुल्या वर्गात तिचा क्रमांक पुष्कळ खाली गेला. पुढे कॉलेजांची पसंती भरण्याचा निरोप आला तो झेरॉक्सवाल्याच्या मोबाइलवर. त्याने तो पाहिला नाही. मुलगी तेव्हा गावी आईबरोबर ज्वारी पेरत होती. परत येईतो पहिली फेरी संपली होती.

त्या रात्री तिचे वडील माझ्याकडे येऊन बसले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "फादर, तुम्ही तर शिकलेले." ते वाक्य अजून माझ्या कानात आहे. मी धर्मशास्त्र शिकलो होतो, पण दाखल्याचा हा नियम मला ठाऊक नव्हता, आणि ठाऊक नसताना मी मान डोलावली होती. आपल्या माणसांचा आपल्या शब्दावर विश्वास असतो, म्हणूनच आपण आधी चौकशी करून बोलले पाहिजे, हे मी त्या दिवशी शिकलो.

नवापूरच्या स्टेशनावरचे बाक

तो नियम आता नीट समजून घेऊ, कारण आपल्यापैकी निम्म्या घरांना तो लागू पडतो.

नवापूरचे रेल्वे स्टेशन आपण सर्वांनी पाहिले आहे. त्याचा एक भाग महाराष्ट्रात, दुसरा गुजरातेत. बाकावर दोघे शेजारी बसले तर एक या राज्यात, दुसरा त्या राज्यात. आपल्याला ती गंमत वाटते. पण दाखल्याच्या बाबतीत सरकार त्या बाकाच्या बरोबर मधोमध रेघ ओढते.

अनुसूचित जमातींची यादी राज्यवार आहे. भिल्ल, गावित, कोकणा या जमाती दोन्ही राज्यांच्या याद्यांत आहेत, हे खरे. परंतु एका राज्यात मूळ असलेले कुटुंब कामधंद्यासाठी दुसऱ्या राज्यात गेले, तर राखीव जागेचा लाभ मूळ राज्यातच मिळतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली मर्री चंद्रशेखर राव यांच्या खटल्यात हे स्पष्ट केले. तो खटलाही प्रवेशाचाच होता. आंध्रातल्या जमातीच्या कुटुंबातल्या मुलाला मुंबईत मेडिकल कॉलेजची राखीव जागा हवी होती, ती नाकारली गेली.

मूळ राज्य ठरवताना, राष्ट्रपतींनी जमातींची पहिली यादी जाहीर केली त्या काळी, म्हणजे ६ सप्टेंबर १९५० रोजी, आपले वाडवडील कुठले कायम रहिवासी होते ते पाहतात. त्या वेळी नवापूर काय आणि सुरत काय, दोन्ही मुंबई राज्यातच होती. १ मे १९६० ला रेघ पडली. ज्याचे मूळ गाव आज नंदुरबार जिल्ह्यात आहे, तो महाराष्ट्राचा. ज्याचे उच्छल, सोनगड, व्यारा, मांडवी, मांगरोळकडे आहे, तो गुजरातचा. उधन्यात वीस वर्षे राहिलो, रेशनकार्ड इथले, मतदान इथले, तरी जमातीचे मूळ बदलत नाही.

आता दुसरी बाजू पाहा. महाराष्ट्रातल्या राखीव जागेसाठी नुसता तिथला जमातीचा दाखला पुरत नाही. साधारणपणे दहावी-बारावी तिथल्या शाळेतून केलेली असावी लागते, महाराष्ट्राचे अधिवास प्रमाणपत्र म्हणजे डोमिसाइल लागते, आणि तपासणी समितीकडून जमात वैधता प्रमाणपत्र आणावे लागते. सुरतेत शिकलेल्या मुलीकडे यातले शिक्षणच नसते. म्हणजे दाखला एका राज्याचा आणि शाळा दुसऱ्या राज्याची, अशी आपली मुलगी दोन्हीकडून खुल्या वर्गात पडते.

मग करावे काय? उत्तर दहावीच्या आधी शोधावे. मूळ महाराष्ट्राचे असाल आणि राखीव जागेचा आधार घ्यायचा असेल, तर मुलाला गावी आजीआजोबांकडे किंवा वसतिगृहात ठेवून दहावी-बारावी तिकडे करावी का, याचा घरात विचार करा. मूल खुल्या वर्गात टिकेल इतके हुशार असेल, किंवा त्याला दूर ठेवायचे नसेल, तर सुरतेतच शिकवा, पण मग खुल्या वर्गाचेच गुण मिळवायचे आहेत हे धरून अभ्यास करू द्या. दोन्ही वाटा बऱ्या आहेत. नुकसान होते ते आपण कोणत्या वाटेवर आहोत हेच ठाऊक नसल्यामुळे.

धर्म वेगळा, जमात वेगळी

पुष्कळजण हळू आवाजात विचारतात, "आपण ख्रिस्ती, मग आपल्याला जमातीचा दाखला मिळतो का?" मिळतो. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही. भिल्ल ख्रिस्ती झाला तरी भिल्लच राहतो. कुणी कचेरीत तोंडी नकार दिला तर नम्रपणे लेखी कारण मागावे.

अनुसूचित जातीची गोष्ट निराळी आहे. १९५० च्या आदेशाप्रमाणे ती सवलत हिंदू, आणि पुढे शीख व बौद्ध यांनाच आहे. त्या समाजातून ख्रिस्ती झालेल्या आपल्या कुटुंबांनी आपला समाज राज्याच्या मागासवर्गाच्या यादीत कोणत्या नावाने आहे ते मामलतदार कचेरीत पाहून घ्यावे आणि त्याप्रमाणे दाखला व नॉन-क्रीमिलेअर प्रमाणपत्र काढावे.

खरी अडचण होते ती शाळेच्या रजिस्टरात. पहिलीला नाव घालताना आपण धर्म "ख्रिश्चन" सांगतो, आणि गुरुजी जातीच्या रकान्यातही "ख्रिश्चन" लिहून मोकळे होतात. बारा वर्षांनी शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तेच उतरते, आणि जमात सिद्ध करायला आजोबांचे कागद शोधत फिरावे लागते. तेव्हा धर्माच्या रकान्यात धर्म आणि जातीच्या रकान्यात जमात, असे पहिल्याच दिवशी लिहून घ्या. लिहिले ते स्वतः वाचून पाहा. वाचता येत नसेल तर ज्याला येते त्याला बरोबर न्या.

असेच नावाचे. बाप्तिस्म्याचे नाव मरिया, शाळेतले मीना, आधार कार्डावर मीनाबेन, आणि आडनाव कुठे गावित तर कुठे गामीत. पूर्वी मी "ही एकच व्यक्ती आहे" अशी चिठ्ठी देत असे. ती चिठ्ठी प्रवेशाच्या टेबलावर चालत नाही. शाळेचा दाखला, गुणपत्रिका आणि आधार यांवरचे नाव अक्षरशः एक असावे. दुरुस्ती करायची तर मूल शाळेत असतानाच करावी. शाळा सुटल्यावर तेच काम प्रतिज्ञापत्र आणि गॅझेटपर्यंत जाते.

अर्ज कसा चालतो

गुजरातेत बी.एस्सी. नर्सिंग, जी.एन.एम. आणि ए.एन.एम.चे प्रवेश गांधीनगर येथील नर्सिंग व अलाइड मेडिकल अभ्यासक्रमांच्या प्रवेश समितीमार्फत होतात. कॉलेजात जाऊन फॉर्म देण्याची जुनी पद्धत या जागांसाठी उरलेली नाही. पायऱ्या अशा :

१. बारावीच्या निकालाच्या सुमारास समिती जाहिरात देते. प्रथम तिचे माहितीपत्रक पूर्ण वाचावे. तारखा, फी आणि दाखल्यांचे नमुने दरवर्षी त्यातच असतात.

२. ठरलेली रक्कम ऑनलाइन भरून पिन घ्यावा आणि त्यावर नोंदणी करावी. मोबाइल नंबर घरचाच द्यावा आणि अर्ज पुरा होईपर्यंत तो बंद पडू देऊ नये.

३. नेमून दिलेल्या मदत केंद्रावर मूळ कागद तपासून घ्यावे. घरातले एक जाणते माणूस बरोबर जावे. पावती जपून ठेवावी.

४. गुणवत्ता यादी लागते. आजवर गुजरातेत बी.एस्सी. नर्सिंगचा क्रम बारावी सायन्सच्या गुणांवर लागत आला आहे.

५. मग कॉलेजांची पसंती भरायची असते. इथे पुष्कळजण दोन-तीन नावे भरून थांबतात. ज्या ज्या कॉलेजात जाण्याची खरी तयारी आहे ती सगळी नावे आपल्या आवडीच्या क्रमाने भरा. फी परवडणार नाही असे नाव मात्र भरू नका.

६. जागा मिळाल्यावर ठरल्या मुदतीत फी भरून प्रवेश पक्का करावा. मुदत गेली की जागा गेली. पहिल्या फेरीत नाव नाही आले तर पुढच्या फेऱ्यांवर लक्ष ठेवावे.

महाराष्ट्रात पद्धत वेगळी. तिथे २०२३ पासून बी.एस्सी. नर्सिंगसाठी राज्याची सी.ई.टी. परीक्षा आहे. भौतिक, रसायन, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंगचा कल असे तिचे भाग. तिचा अर्ज बारावीच्या निकालाआधीच भरावा लागतो. निकालानंतर जागे होणाऱ्याचे ते वर्ष गेलेच. शिवाय २०२३ साली संसदेने नर्सिंग व मिडवाइफरीचा नवा कायदा केला आहे, त्यात देशभर एकसारख्या प्रवेश परीक्षेची तरतूद आहे. तेव्हा शेजारच्या मुलीने तीन वर्षांपूर्वी काय केले यावर विसंबू नका. त्या वर्षीचे माहितीपत्रक हाच खरा आधार.

आणि पेरणीचे काय? घरातल्या एकाने त्या पंधरवड्यात सुरतेत राहावे. गावी सातपुड्याच्या कुशीत मोबाइलला रेंज नसते, आणि निरोप पाऊस थांबेपर्यंत वाट पाहत नाही. शेजाऱ्याचे दोन हात पेरणीला उसने मिळतात, मुदत उसनी मिळत नाही.

ट्रंकेत ठेवायची फाइल

मूल नववीत गेले की एक फाइल करा. तीत पुढील कागद एकेक करून जमवा : जन्माचा दाखला, दहावीची गुणपत्रिका, पुढे बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड, जमातीचा किंवा मागासवर्गाचा दाखला, लागू असल्यास नॉन-क्रीमिलेअर किंवा आर्थिक मागास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, बँकेचे पासबुक, सहा फोटो. वडिलांचा आणि आजोबांचा शाळेचा दाखला, जुना सातबारा, महसुली नोंद, जे जमात सिद्ध करायला उपयोगी पडेल ते सर्व याच फाइलमध्ये. प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स काढा. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमिलेअर यांची मुदत संपते, म्हणून ते अर्जाच्या वर्षी ताजे करून घ्या. जमातीचा दाखला मात्र दहावीतच काढा. घाईत काढलेल्या कागदातच चुका राहतात.

गोड बोलणारा माणूस

त्या मुलीची हकीकत अजून संपली नाही. पहिली फेरी हुकल्यावर चौथ्याच दिवशी एक गोड बोलणारा माणूस तिच्या घरी आला. दक्षिणेकडच्या एका शहरात बी.एस्सी. नर्सिंगची जागा "पक्की" आहे, मार्कांची अडचण नाही, पहिला हप्ता आठवड्यात द्या आणि मूळ गुणपत्रिका आत्ताच माझ्याकडे द्या, असे तो म्हणाला. वडील तीन एकर गहाण टाकायला निघाले. माझ्या सांगण्यावरून एक दिवस थांबले. आपल्या दवाखान्यातल्या सिस्टरांनी त्या कॉलेजची चौकशी केली. कौन्सिलच्या त्या वर्षीच्या यादीत त्याचे नावच नव्हते.

म्हणून तीन गोष्टी गाठीला बांधा. एक, कॉलेजचे नाव त्या राज्याच्या नर्सिंग कौन्सिलच्या यादीत आणि विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांच्या यादीत, त्याच वर्षासाठी, आपल्या डोळ्यांनी पाहा. दोन, मूळ कागद कुणाच्याही हाती ठेवू नका. कॉलेजने ते तपासून परत द्यावेत, अशा सूचना विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली दिल्या आहेत. ज्याच्या हाती मूळ गुणपत्रिका, त्याच्या हाती मुलीचे पाय बांधलेले. तीन, रोख पैसे आणि पावती नाही, असा व्यवहार बैलाच्या बाजारातही आपण करत नाही, मग इथे का करावा?

पैसा आणि प्रकृती

सरकारी कॉलेजची फी थोडी असते, खाजगीची कितीतरी पट. जागा मिळण्याआधीच चार वर्षांची फी, वसतिगृह, गणवेश, पुस्तके आणि जाण्यायेण्याचा हिशेब मांडा. मूळ गुजरातच्या जमातीच्या, वार्षिक अडीच लाखांपर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबांनी शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप कार्डासाठी डिजिटल गुजरातवर अर्ज करावा, आणि तोही प्रवेशाच्या आधीच. इतरांसाठी मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजना २०१५ पासून आहे. तिला गुणांची आणि उत्पन्नाची अट आहे. कर्ज लागलेच तर सावकाराकडे जाण्यापूर्वी बँकेत जा. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला केंद्राची हमी योजना आहे, त्यात जमीन तारण ठेवावी लागत नाही. जमीन विकून मूल शिकवले आणि ते मध्येच परत आले, तर घरात जमीनही नाही आणि पदवीही नाही, असे होते.

प्रकृतीचेही पाहा. प्रवेशाला डॉक्टरचे तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र लागते, पण कागदापेक्षा शरीर महत्त्वाचे. नर्सला तासन् तास उभे राहावे लागते, रात्रपाळी करावी लागते. आपल्या मुलींमध्ये रक्त कमी असण्याचे प्रमाण मोठे आहे, आणि आपल्या जमातींत सिकलसेल आढळतो. दोन्हींची तपासणी अकरावीतच करून घ्या, म्हणजे उपचाराला वेळ मिळेल. हिपॅटायटीस बी लशीचे तीन डोस सहा महिन्यांत पुरे होतात, तेही आधीच घेतलेले बरे, कारण वॉर्डात सुई आणि रक्ताशी रोजचा संबंध येतो. रंगांधळेपणा असेल तर घाबरू नका, योग्य भिंगे किंवा चष्मा वापरल्यास सध्याच्या नियमांत प्रवेश मिळतो.

आणि इंग्रजी. शिकवणे इंग्रजीत असते. पहिल्याच सत्रात शरीररचना, शरीरक्रिया, मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि सोबत इंग्रजीचाही विषय असतो. मराठी किंवा गुजराती माध्यमाची मुले पहिले सहा महिने गोंधळतात, काही रडून घरी येतात. बारावीनंतरच्या सुट्टीत रोज एक पान इंग्रजी मोठ्याने वाचण्याची सवय लावा. ज्यांना हवे त्यांच्यासाठी रविवारी दुपारी आपल्या सभागृहात सिस्टर बसतात.

चारऐवजी पाच वर्षे

त्या मुलीने मग काय केले? वडिलांनी जमीन गहाण टाकली नाही. समितीच्या पुढच्या फेरीत, यावेळी वडिलांच्या मोबाइलवर निरोप पाहून, तिने जी.एन.एम.ची जागा घेतली. ती आता शेवटच्या वर्षात आहे. तीन वर्षांची जी.एन.एम. आणि त्यावर दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. या वाटेनेही विद्यापीठाची तीच पायरी गाठता येते. चारऐवजी पाच वर्षे लागतात, आणि मध्ये नोकरी करून स्वतःच्या फीचे पैसे साठवता येतात. ज्यांची पदवीची जागा हुकली आहे, त्यांनी ही वाट जरूर ध्यानात ठेवावी.

तिच्या धाकट्या भावालाही नर्सिंगलाच जायचे आहे. तो यंदा नववीत गेला. वडिलांनी त्याला गावी आजोबांकडे ठेवून नवापूरच्या शाळेत घातले. शाळेच्या रजिस्टरात जातीच्या रकान्यात जमात लिहिली आहे की नाही, ते त्यांनी मला फोन करून वाचून दाखवले. मागच्या महिन्यात ते आले तेव्हा हातात प्लास्टिकची एक फाइल होती, आजोबांच्या शाळेच्या दाखल्यापासून सगळे कागद तीत ओळीने लावलेले. "फादर, यात काही राहिले का, बघा," म्हणाले. या वेळी मी मान डोलावली नाही. माहितीपत्रक काढले, चष्मा लावला, आणि आम्ही दोघांनी एकेक कागद ताडून पाहिला. अधिवासाचा दाखला तेवढा राहिला होता. त्याला अजून वेळ आहे.

ज्यांच्या घरी नववी-दहावीतले मूल आहे, त्यांनी येत्या रविवारी मिस्सानंतर आपली फाइल घेऊन यावे. कोरी असली तरी चालेल.